मुलांमधील सेप्टिक शॉक : पहिल्या तासाचे उपचार

सेप्टिक शॉक म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्ताभिसरण कोलमडणे. मूळ संसर्ग फुप्फुसात असेल, आतड्यात असेल, लघवीच्या मार्गात असेल, किंवा पायावरच्या दुर्लक्षित गळवात असेल. त्याच्याशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि ज्या प्रतिकाराने जंतू मरायचे, त्यानेच स्वतःच्या अवयवांना इजा होऊ लागते. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. हृदय आणि रक्तवाहिन्या तिच्या तडाख्यात सापडल्या की तो सेप्टिक शॉक. २०१७ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालच्या सुमारे २ कोटी मुलांना सेप्सिस झाला आणि त्यातली सुमारे २९ लाख मुले गेली, असा अंदाज २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. यातला मोठा भाग भारतासारख्या देशांतला आहे आणि त्यातही जिथे मोठे रुग्णालय दूर आहे अशा गावांतला.

व्याख्येचा प्रश्न अलीकडेच मार्गी लागला. २००५ पासून चालत आलेले निकष ताप, नाडी, श्वासाचा वेग आणि पांढऱ्या पेशी यांवर बेतलेले होते. त्यात साध्या विषाणूजन्य तापाचे मूलही सहज बसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या फीनिक्स निकषांनी श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मज्जासंस्था या चार ठिकाणच्या बिघाडाला गुण दिले. संसर्गाचा संशय असलेल्या मुलाला दोन किंवा अधिक गुण मिळाले तर सेप्सिस, आणि त्यातला किमान एक गुण रक्ताभिसरणाचा असेल तर सेप्टिक शॉक. हे निकष निदान पक्के करण्यासाठी आहेत, दारात आलेले मूल हेरण्यासाठी नाहीत. प्लेटलेट आणि लॅक्टेटचे आकडे हाती येईपर्यंत थांबायचे ठरवले, तर उपचाराची वेळ निघून जाते.

शॉकमध्ये शरीरात तीन गोष्टी एकदम घडतात. केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातला द्रव ऊतींमध्ये उतरतो. रक्तवाहिन्यांचा ताण बिघडतो, काही सैल पडतात तर काही आवळल्या जातात. हृदयाच्या स्नायूची ताकद घटते. मोठ्या माणसात बहुधा वाहिन्या सैल पडून रक्तदाब लवकर उतरतो. लहान मुलांत बरेचदा उलटे होते. मूल हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, हृदयाचे ठोके वाढवते आणि मेंदू व हृदयाकडचा पुरवठा शेवटपर्यंत राखते. त्यामुळे हातपाय गार, नाडी धावती, आणि रक्तदाब मात्र बराच वेळ ठीक दिसतो. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ७० अधिक वयाच्या दुपटीपेक्षा खाली गेला, म्हणजे चार वर्षांच्या मुलाचा ७८ च्या खाली, तर तो धोकादायक समजावा. पण तो आकडा दिसेपर्यंत मूल पुष्कळ पुढे गेलेले असते. रक्तदाब चांगला आहे म्हणून शॉक नाही, हा समज मुलांच्या बाबतीत जिवावर बेततो.

म्हणून निदानाची सुरुवात हातापासून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रथमोपचार पद्धतीत शॉकची तीन लक्षणे धरली आहेत: हातपाय गार, केशवाहिन्या भरायला तीन सेकंदांहून जास्त वेळ, आणि क्षीण पण जलद नाडी. केशवाहिन्या पाहायची रीत सोपी असली तरी ती घाईने केली की फसते. मुलाचा हात हृदयाच्या पातळीला किंवा थोडा वर धरायचा, नखावर अंगठ्याने पाच सेकंद दाबायचे, सोडायचे आणि पांढरा पडलेला भाग पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पावसात भिजून आलेल्या, दुचाकीवर गार वाऱ्यात बसून आलेल्या मुलाचे नख उशिरा गुलाबी होणारच. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडावर दाबून पाहावे आणि मुलाला कोरडे, उबदार करून पुन्हा मोजावे. मग हाताची पाठ पोटरीवरून पावलाकडे न्यायची. अंग तापलेले आणि गुडघ्याखाली गार, ही रेषा जितकी वर तितका शॉक खोल. या परीक्षेला कमी लेखू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक या अभ्यासात, तो प्रौढांवरचा असला तरी, केशवाहिन्या भरण्याच्या वेळेवरून ठरवलेले उपचार रक्तातल्या लॅक्टेटवरून ठरवलेल्या उपचारांपेक्षा कुठेही कमी पडले नाहीत.

काही मुलांत शॉक उबदार असतो. तळहात लालसर, नख झटकन भरते, नाडी उसळती. तिथे तीन लक्षणांचा नियम अपुरा पडतो आणि मुलाच्या शुद्धीकडे पाहावे लागते. आईचे ‘हा ओळखत नाही’, ‘अंगावर घेत नाही’, ‘सकाळपासून लघवी केली नाही’ हे सांगणे तपासणीइतकेच महत्त्वाचे असते. तान्ह्या बाळाला तर ताप असेलच असे नाही. अंग थंड पडणे, दूध सोडणे, निपचित पडणे एवढेच दिसते. मलूल मूल ताप उतरल्यावर खेळू लागले तर बहुधा चिंता नसते. ताप उतरूनही मलूलच राहिले, तर ते मूल पुन्हा तपासलेच पाहिजे.

इथपर्यंतचा भाग कुठल्याही पुस्तकात सापडेल. पुढचा प्रश्न मुळशीसारख्या तालुक्यात वेगळाच होऊन बसतो. या तालुक्याची पूर्वेकडची कड, म्हणजे हिंजवडी, माण, भूगाव, आता पुणे शहराला चिकटली आहे. तिथून मुलांचा अतिदक्षता विभाग काही मिनिटांवर आहे. पिरंगुट ओलांडून पौडला यावे, तर तालुक्याचे ठिकाण आणि ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे कोळवण खोरे, मुठा खोरे, मुळशी धरणाच्या पाठीमागची गावे, आणि पश्चिमेला ताम्हिणी घाट. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा पट्टा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांत मोडतो. भातलावणीच्या दिवसांत धनगरवाड्यातून किंवा कातकरी वस्तीतून मूल मुख्य रस्त्यावर आणायलाच पहिला तास लागू शकतो, आणि दरड आली तर रस्ताही राहत नाही. एकाच तालुक्यात, एकाच आजारासाठी, दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. सलाईन किती द्यावे याविषयीचा जगभरातला वाद नेमका याच दोन परिस्थितींमधल्या फरकावर येऊन थांबलेला असल्यामुळे, तो इथे सविस्तर सांगणे भाग आहे.

१९९१ मध्ये जोसेफ कार्सिलो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिलिटरहून अधिक द्रव मिळालेली मुले नऊ होती, त्यातली आठ वाचली. कमी द्रव मिळालेल्यांत निम्म्याहून अधिक दगावली. अभ्यास छोटा, पण त्यावर पुढची दोन दशके उभी राहिली. शॉक म्हटले की दर किलोला २० मिलिलिटरची एक मात्रा, मग दुसरी, मग तिसरी, आणि तीही भराभर, ही शिकवण सगळीकडे पोचली. २००३ मध्ये पिट्सबर्गच्या अभ्यासाने घाईलाही बळ दिले. शॉक न सावरता गेलेल्या प्रत्येक तासागणिक मृत्यूची शक्यता दुपटीहून जास्त वाढत होती.

मग २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातला फीस्ट हा अभ्यास आला. कॅथरीन मेटलँड आणि सहकाऱ्यांनी ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या ३,१४१ मुलांना तीन गटांत विभागले: एकाला सलाईनची जलद मात्रा, एकाला अल्ब्युमिनची, आणि एकाला जलद मात्रा न देता फक्त रोजच्या गरजेइतका द्रव. ४८ तासांत पहिल्या दोन गटांतली साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुले दगावली, तिसऱ्यातली ७.३ टक्के. जे औषध सर्वांत निर्धोक समजले जात होते, तेच घातक ठरत होते. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की ही मुले मुख्यतः फुप्फुसात पाणी होऊन गेली नव्हती, तर रक्ताभिसरण पुन्हा कोलमडून गेली होती.

फीस्टवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता, जवळजवळ एक तृतीयांश मुलांचे हिमोग्लोबिन ५ च्या खाली होते, आणि लक्षणांची अट सैल होती. मुळशीतला आजारांचा नकाशा तसा नाही. तरीही त्या अभ्यासातली एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. तिथे कृत्रिम श्वास देण्याची सोय नव्हती. द्रव जास्त झाला, श्वास अडला, तर पुढे करण्यासारखे काही उरत नव्हते. कार्सिलोच्या मुलांना ते सगळे मिळत होते.

२०२० च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या मुलांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दोन्ही निष्कर्ष जागच्या जागी बसवले. अतिदक्षता विभाग हाताशी असेल तर पहिल्या तासात दर किलोला ४० ते ६० मिलिलिटरपर्यंत, १० ते २० च्या मात्रांमध्ये. तो नसेल आणि रक्तदाब टिकून असेल तर जलद मात्रा देऊ नये, गरजेपुरता द्रव चालू ठेवावा. तो नसेल आणि रक्तदाब उतरलेला असेल तर ४० पर्यंत, तेही मात्रेमागून मात्रा तपासत. म्हणजे भूगावला आलेले मूल आणि दूरच्या माले गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले मूल यांना, शॉक सारखाच असला तरी, पहिल्या तासात दिले जाणारे सलाईन वेगळे असू शकते. दूरच्या केंद्रातल्या डॉक्टरने कमी सलाईन दिले म्हणजे उपचारात कसूर केली, असे वरच्या रुग्णालयाने समजू नये. त्याने त्या जागेला योग्य तेच केलेले असते.

मात्रा देण्याची रीत मोठ्या बाटलीला चाक सोडून देण्याची नाही. दहा किलोच्या मुलाला दर किलोला १० मिलिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, ५० च्या दोन सिरिंज. तीन तोंडांचा नळ लावून बाटलीतून ओढायचे आणि मुलात सोडायचे. त्यामुळे किती गेले हे अंदाजावर राहत नाही. वेगाबाबत दिल्लीच्या एम्समधला २०१७ चा अभ्यास उपयोगी आहे. तीच मात्रा ५ ते १० मिनिटांऐवजी १५ ते २० मिनिटांत दिलेल्या मुलांपैकी कमी मुलांना कृत्रिम श्वासाची गरज लागली. मात्रेआधी उजव्या बरगडीखाली यकृताची कड बोटाने चाचपून पेनाने खूण करावी. मात्रेनंतर कड खाली सरकली, फुप्फुसाच्या तळाशी बारीक चरचर ऐकू आली, श्वास वाढला किंवा ऑक्सिजनचे प्रमाण उतरले, तर द्रव तिथेच थांबवावा. नाडी मंदावली, पाय गरम झाले, मूल डोळे उघडून आईकडे पाहू लागले, तर द्रव कामी आला. रिंगर लॅक्टेटसारखे संतुलित द्रव साध्या सलाईनपेक्षा बरे मानले जातात, पण साधे सलाईन हाताशी असताना रिंगरची वाट पाहू नये.

जुलाब-उलट्यांनी सुकलेले मूल या नियमात बसत नाही. त्याचे पाणी खरोखरच गेलेले असते आणि ते भरपूर भरून द्यावे लागते. फीस्टमधून अशी मुले वगळलेली होती. याउलट तीव्र कुपोषित मुलाचे हृदय कमकुवत असते. त्याला शॉकमध्ये दर किलोला १५ मिलिलिटर, तेही तासाभरात सावकाश. दंडाचा घेर मोजायची पट्टी म्हणूनच सलाईनच्या स्टँडजवळ असावी.

आकसलेल्या मुलाची शीर सापडत नाही. पाच मिनिटांत, दोन-तीन प्रयत्नांत सुई लागली नाही तर नडगीच्या हाडात सुई घालावी. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली आणि आतल्या बाजूला सपाट हाड असते. सुई तिथे काटकोनात फिरवत घातली की ‘कट’ असा अडथळा सुटल्याचे हाताला कळते. मज्जेतून द्रव, प्रतिजैविक, अॅड्रेनॅलिन असे सगळे शिरेइतक्याच वेगाने जाते. या कृतीची भीती मोठी आहे आणि ती सरावानेच जाते. मुलाच्या शिरा शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

प्रतिजैविक शॉकमध्ये तासाच्या आत गेले पाहिजे. शॉक नसेल, फक्त सेप्सिसचा संशय असेल, तर तीन तासांची मुभा आहे आणि त्या वेळात तपासण्या करून विषाणूजन्य ताप वेगळा काढावा. प्रत्येक तापाला सेफ्ट्रिअॅक्झोन टोचण्याने पुढच्या मुलांसाठी ते औषधच निकामी होते. पण खरा शॉक असेल तर रक्ताचा कल्चर घेण्यासाठीही उशीर करू नये. सेफ्ट्रिअॅक्झोन दर किलोला ८० ते १०० मिलिग्रॅम, शिरेतून, आणि शीर नसेलच तर मांडीच्या स्नायूत. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेला कुठलाही द्रव, म्हणजे रिंगरसुद्धा, सुरू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिअॅक्झोन वर्ज्य. त्याला अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. मोठ्या मुलातही दोन्ही एकाच नळीतून एकत्र जाऊ देऊ नयेत, मध्ये साध्या सलाईनने नळी धुऊन घ्यावी.

गावात डॉक्टर नसताना हे इंजेक्शन कुणी द्यायचे, याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन देण्याला तेव्हा वैद्यकीय वर्तुळात विरोध होता. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक परिस्थितीत एएनएमला लहान अर्भकांना जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली. रुग्णालयात न्यायच्या आधी दिलेली ती एक मात्रा मुळशीच्या धरणामागच्या गावात रुग्णवाहिकेच्या वेगापेक्षा अधिक वेळ वाचवते.

साखर विसरली जाते. शॉकमधल्या लहान मुलाची साखर तपासावीच. ग्लुकोमीटर नसेल आणि मूल बेशुद्ध किंवा झटके येणारे असेल तर ती कमी आहे असे धरून चालावे. दहा टक्के डेक्स्ट्रोज दर किलोला ५ मिलिलिटर. केंद्रात बहुधा २५ टक्क्यांचे अँपुल असते. त्याचे दोन भाग आणि इंजेक्शनच्या पाण्याचे तीन भाग मिसळले की दहा टक्के होते. ऑक्सिजन तर पहिल्या मिनिटापासूनच.

द्रव देऊनही शॉक सुटत नसेल, किंवा द्रव थांबवावा लागला असेल, तर अॅड्रेनॅलिनचा अगदी कमी मात्रेचा सततचा प्रवाह सुरू करावा. पूर्वी मुलांमध्ये डोपामिनचा रिवाज होता. २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या आणि पुढच्याच वर्षी चंडीगडच्या अभ्यासाने अॅड्रेनॅलिनचे पारडे जड केले. मोठ्या शिरेची वाट न पाहता हाताच्या चांगल्या शिरेतून ते सुरू करता येते, फक्त सुईच्या जागेवर नजर हवी. सिरिंज पंप ग्रामीण रुग्णालयात असेल तर अतिदक्षता विभाग नसतानाही हा टप्पा गाठता येतो.

काही आजार सेप्टिक शॉकचे रूप घेऊन येतात, आणि या भागात तसा एक ठळक आहे तो विंचूदंश. घामाघूम, ओकणारे, गार हातापायांचे, धावत्या नाडीचे मूल. पण इथे बिघाड विषाने उसळलेल्या मज्जातंतूंचा आणि थकलेल्या हृदयाचा असतो. संसर्ग समजून सलाईन चढवले तर फुप्फुसे पाण्याने भरतात. घाटापलीकडच्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकापासून प्राझोसिनने हे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिले. मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. मुलगा असेल तर लिंग ताठरलेले आहे का हे पाहण्याने निदान क्षणात होते. डेंग्यूचा शॉक ताप उतरण्याच्या सुमाराला येतो. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर २० किंवा त्याहून कमी झालेले असते, आणि द्रवाचे गणितही वेगळे. स्क्रब टायफसवर सेफ्ट्रिअॅक्झोनचा उपयोग नाही, डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन लागते. गवतात-रानात वावरलेल्या मुलाच्या काखेत, जांघेत, कानामागे काळी खपली शोधावी.

मूल पुढे पाठवण्याची घाई उपचारांआधी करू नये. ऑक्सिजन, सुई, प्रतिजैविक, साखर आणि पहिली मोजलेली मात्रा या गोष्टी हलवण्यापूर्वी व्हाव्यात. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, तेव्हा यातले बरेचसे काम वाटेतही चालू राहू शकते. फोन करताना ‘तापाचे मूल’ न म्हणता ‘शॉकमधले मूल’ म्हणावे, आणि ससून किंवा जिथे खाट आहे त्या रुग्णालयाला निघण्याआधी कळवावे. सोबतच्या चिठ्ठीत पाच गोष्टी हव्यात: वजन, शॉक पहिल्यांदा दिसल्याची वेळ, प्रतिजैविकाचे नाव आणि दिल्याची वेळ, आतापर्यंत गेलेला एकूण द्रव, शेवटची लघवी. एकूण द्रवाचा आकडा नसला, तर पुढचा डॉक्टर शून्यापासून मोजू लागतो आणि मुलाला नकळत दुप्पट द्रव मिळतो. चिठ्ठी आईच्या पिशवीत ठेवू नये, रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरच्या हातात द्यावी.

अतिदक्षता विभागातले उपचार हा स्वतंत्र विषय आहे. वाचलेल्या मुलाचे काम मात्र पुन्हा गावाकडे येते. कित्येक मुलांना महिनोन्‌महिने थकवा राहतो, वजन भरत नाही, शाळेत लक्ष लागत नाही. मेंदूज्वरातून आलेल्या मुलाची श्रवणचाचणी घरी पाठवण्यापूर्वी किंवा महिनाभरात करून घ्यावी. राहिलेल्या लसी, विशेषतः पेंटाव्हॅलंटमधली हिब आणि २०२१ मध्ये देशभर नियमित लसीकरणात आलेली न्यूमोकोकल, पूर्ण कराव्यात. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा ताप आला तर त्या मुलाला उपकेंद्रावर थांबवून न ठेवता थेट डॉक्टरकडे न्यावे, हे आशाताईच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवावे.